हंगाम पार्टीचा, पावसाळा आपल्या गाण्याचा

विदर्भातल्या खेड्यात ज्याच्या हाताला दोन-तीन वाद्यं आहेत त्याला कामाची वानवा नसते. लग्नातला ऑर्केस्ट्रा, भागवत सप्ताह, खंजिरी भजन, भंडारा-गोंदियाकडची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं रात्रभराचं नाटक, १४ एप्रिलच्या भीमगीतांची पार्टी, दुर्गादेवीपुढचा जागर. अशा एखाद्या पार्टीचा, म्हणजे गाण्याबजावण्याच्या संचाचा, पेटीवाला ऐनवेळी आजारी पडतो, दुसरीचा ढोलकीवाला पुण्याला कंपनीत लागतो आणि फोन तुम्हाला येतो. पाच-सहा वर्षांत तुमचं नाव तालुक्याला माहीत होतं. तेवढ्याच काळात वहीतल्या स्वतःच्या गाण्यांचे मात्र धृपद आणि एखादा अंतरा एवढंच झालेलं असतं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी गुणी मुलामुलींचं हे असं झालेलं मी पाहिलं आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाण्यासाठी पार्टी सोडावी असं मी कुणालाही सांगणार नाही. पार्टी पोट भरते आणि कान तयार करते. पण 'वेळ मिळाला की करू' म्हणून ठेवलेलं गाणंही कधी होत नाही. आपल्याकडच्या वर्षात दोन्हीला जागा आहे, ती आधी आखून घ्यावी लागते. कशी, ते पायरीपायरीने लिहितो.

१. मुख्य वाद्य एक, जोडीचं एक

'मला सगळंच येतं' असं सांगणाऱ्याला पार्टीचा म्होरक्या बदली म्हणून बोलावतो, कायमचा माणूस म्हणून नाही. त्यामुळे एक वाद्य असं हवं, की त्यावर तुम्ही नसाल तर कार्यक्रमाला उणं पडेल. माझा सल्ला विचाराल तर पेटी किंवा कीबोर्ड मुख्य ठेवा आणि जोडीला ठेक्याचं एक वाद्य घ्या, ढोलकी, तबला किंवा खंजिरी. बहुतेक गावांतल्या भजन मंडळाकडे पेटी असते, त्यामुळे रियाजासाठी पहिल्याच दिवशी खर्च नको. चाल पेटीवर बसते, गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा कुठे लागतो ते, पेटीवर सापडते. आणि ज्याच्या बोटांत ढोलकीचा ठेका आहे त्याला ऑक्टोपॅडचे आठ पॅड फार दिवस परके राहत नाहीत. बासरी, क्लॅरिनेट, मँडोलिन यांपैकी जे आवडतं ते तिसरं वाद्य म्हणून शिका. ते पार्टीत कमी लागेल, तुमच्या स्वतःच्या गाण्यात जास्त.

मुलींना पार्ट्या गायला बोलावतात, वाजवायला क्वचित. म्हणून मुलींनी तर पेटी किंवा ढोलकी हातात घ्यावीच. गायिका बदलली जाते; गाता गाता पेटी सांभाळणारी सहसा बदलली जात नाही.

अनेक वाद्यं वाजवणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती इथे सांगतो. बँडमधली क्लॅरिनेट सहसा बी फ्लॅटची असते. तिच्यावर पांढरी एकचं (पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, सी) बोट धरलं तर आवाज त्याच्या एक पूर्ण स्वर खाली निघतो. गायक काळी एकमध्ये गात असेल तर तुम्हाला क्लॅरिनेटवर काळी दोनचा सा धरावा लागतो. गायिका काळी चारमध्ये असेल तर काळी पाचचा. ई फ्लॅटच्या आल्टो सॅक्सोफोनचं गणित आणखी वेगळं, काळी एकच्या गायकासाठी तिथे काळी पाचवरून सुरुवात करायची. कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण आहे, फुंकीच्या वाद्याला नाही. हे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा आणि रोज एकच गाणं चार पट्ट्यांत वाजवा. ज्याला गायकाचा आवाज ऐकून तिथल्या तिथे पट्टी बदलता येते त्याला पार्टी सोडत नाही, आणि स्वतःचं गाणं कुठल्या पट्टीत खुलतं हेही त्यालाच आधी कळतं.

शिक्षण शिस्तीत व्हावं असं वाटत असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून द्या, तालुक्याच्या गावी शिकवणारे बरेचदा सापडतात. गोंदिया-गडचिरोलीकडच्यांना शेजारच्या छत्तीसगडातलं खैरागडचं संगीत विद्यापीठही दूर नाही. परीक्षा नाही दिली तरी चालेल, पण सरगम लिहायला आणि वाचायला शिकाच. पुढे तिचा फार उपयोग आहे.

२. वर्ष आखा

भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात घ्या आणि कामाचे महिने रंगवा.

भाऊबीजेपासून झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक मंडळींचं ठाणं. तिथून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत मंडई आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने होळीच्या आसपासपर्यंत नाटकं चालतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड सगळं समोरासमोर, प्रत्यक्ष वाजवायचं. नट एखादं वाक्य विसरला तर तेवढा वेळ सुरांनी भरून काढायचा. नव्या वादकाने एक तरी हंगाम तिथे काढावा असं मला ठामपणे वाटतं, कारण एवढी प्रसंगावधानाची शाळा दुसरी नाही. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव देशभर गेलं, पण वादकांना तिचं मोल आधीपासून ठाऊक होतं.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. थंडीत गावोगाव सप्ताह. माघात शेगावच्या गजानन महाराजांचा प्रकट दिन, त्याचे कार्यक्रम लहान गावांतही होतात. मग महाशिवरात्र, रामनवमी, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, आणि एप्रिल-मे म्हणजे लग्नांचा नुसता तडाखा. जूनमध्ये मृग लागला की सगळे पेरणीला. तिथून पोळ्यापर्यंत सुपाऱ्या, म्हणजे ठरलेले कार्यक्रम, जवळजवळ बंद. पोळ्यानंतर गणपती, नवरात्र, कोजागिरी, आणि पुन्हा दिवाळी.

आता रिकामी जागा बघा. पेरणी उरकल्यापासून पोळ्यापर्यंतचे आषाढ-श्रावण हे तुमच्या गाण्याचे महिने. दिवसा डवरणी-निंदण असेल, पण रात्री मोकळ्या असतात. बहुतेक वादक हे दोन महिने 'मंदी' म्हणून हळहळत काढतात. तुम्ही मात्र ते आधीच स्वतःच्या नावावर लिहून ठेवा. पावसाळ्यात गाणी पूर्ण करायची. गणपती ते कोजागिरी लहान बैठकींत गाऊन बघायची. दिवाळीनंतर कापूस घरात आला की रेकॉर्ड करायची, कापसाचा यात काय संबंध ते पुढे सांगतो. आणि गाण्याच्या विषयाप्रमाणे ती बाहेर काढायची. पोळ्याचं गाणं पोळ्याच्या दिवशी बाहेर आलं तर ते पुढच्या वर्षाचं झालं. भीमगीत मार्चच्या मध्यापर्यंत लोकांच्या हाती पडलं पाहिजे, म्हणजे १४ एप्रिलला पार्ट्या ते वाजवू शकतील.

हंगामात नवीन गाणं पुरं करण्याचा हट्ट धरू नका. तेव्हा फक्त गोळा करा. नाटकाहून परतताना गाडीत चाल सुचते, ती मोबाइलवर गुणगुणून ठेवा. गुणगुणण्याआधी सा लावा आणि तोंडाने सांगा: 'काळी दोन, दादरा, अंतऱ्याची चाल.' हे सांगितलं नाही तर पावसाळ्यात ऐकताना सम कुठे होती तेच कळत नाही. महिन्याअखेर सगळ्या ध्वनिफिती एका जागी ठेवा आणि दुसऱ्या कुठेतरी त्यांची प्रत करा.

३. म्होरक्याशी आधीच बोलून घ्या

बोलणं साधारण असं होतं:

'बाबू, अठ्ठावीसले खाली हायेस काय? सेलूले लगन हाय.'

'हाव काकाजी. पेटीवर का ऑक्टोपॅडवर?'

'दोन्ही पाहून घेजो ना बाप्पा, माणूस कमी हाय.'

याच क्षणी, आदर राखून पण स्पष्ट, दोन वाद्यांची बिदागी विचारायची. एका माणसाने दोघांचं काम केलं तर दोघांचे पूर्ण पैसे मिळणार नाहीत हे खरं, पण दीडपट मागणं रास्त आहे आणि समजूतदार म्होरक्या ते देतो. कार्यक्रम झाल्यावर हा विषय काढला तर रुसवाफुगवी होते.

हंगाम सुरू व्हायच्या आधी आणखी तीन गोष्टी ठरवा. ज्याचा इसार (आगाऊ रक्कम) आधी आला त्याची तारीख पक्की, मग मागून कुणी कितीही देवो. आपल्या कामासाठी सुट्टी हवी असेल तर बदली वादक आपण आणायचा, आणि त्याला गाण्यांची सरगम लिहून द्यायची. सरगम शिका म्हटलं ते यासाठी. तिसरी गोष्ट, पार्टीच्या मंचावर आपलं गाणं गायचं असेल तर म्होरक्याला विचारून, आणि त्याने हो म्हटलं तर एकच. लग्नघरच्यांनी पैसे त्यांच्या आवडीच्या गाण्यांसाठी दिलेले असतात. पार्टीच्या गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन स्वतःचा नंबर देणं तर कधीच नाही. या धंद्यात बातमी एका रात्रीत जिल्हा ओलांडते.

४. पैशाच्या दोन वह्या

एका वहीत पार्टी: तारीख, गाव, म्होरक्या, वाद्य, ठरलेले पैसे, मिळालेले, बाकी. दुसऱ्या वहीत गाणं. दर पाच सुपाऱ्यांतली एक सुपारी गाण्याच्या नावावर टाका आणि ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर खत-बियाण्यात जातील. शेतकऱ्याच्या घरात ते जाणारच, म्हणून खातं वेगळं. कार्यक्रमांच्या पत्रिका, फलकांचे फोटो, मानधनाच्या पावत्या एका फाइलमध्ये लावत जा. कुठल्याही शासकीय योजनेत किंवा महोत्सवात कलावंत म्हणून अर्ज करताना पहिला प्रश्न पुराव्याचा येतो.

५. गाणं पूर्ण करणं

पार्टीत रोज दुसऱ्यांची गाणी वाजवल्याने हात त्या वळणांना सरावतो. लिहायला बसलात की पहिली चाल सुचेल ती बहुतेक वेळा काल वाजवलेल्या गाण्याची पोटजात असेल. ती टाकून देऊ नका, लिहून ठेवा आणि दुसरी शोधा. ठेका बदलला की चाल बदलते: केरव्यात सुचलेली ओळ दादऱ्यात म्हणून पाहा, मग पुन्हा केरव्यात या. दुसरा उपाय म्हणजे मुख्य वाद्य बाजूला ठेवणं. पेटीवाल्याची बोटं ठरलेल्या जागीच पडतात. तोच माणूस नुसती खंजिरी घेऊन बसला तर चाल शब्दांतून निघते.

आणि आपल्याकडे साठा केवढा आहे! भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, पचमढीच्या वाटेवरची महादेवाची गाणी, दंडार, खडीगंमत, जात्यावरच्या ओव्या. ही गाणी ज्या बायांना आणि म्हाताऱ्यांना पाठ आहेत त्यांच्याजवळ जाऊन बसा, मन लावून ऐका. चाल घेण्याआधी ठेका घ्या, शब्दांची पडण्याची जागा घ्या. पारंपरिक ओळ जशीच्या तशी वापरली तर 'पारंपरिक' असं लिहा आणि जिने ती सांगितली तिला विचारून तिचं, तिच्या गावाचं नाव द्या. त्यातून पुढे काही पैसे आले तर तिचा वाटा तिच्या हातात नेऊन द्या.

वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत सुचलेली ओळ प्रमाण मराठीत 'सुधारू' नका. शब्द बदलला की मात्रा बदलतात आणि ठेका अडखळतो. शहरातल्या लोकांना कळेल का, ही भीती सोडा. ओळीतला एखादा शब्द नाही कळला तरी गाणं ऐकलं जातं.

गाणं झालं की नाही हे ओळखायची माझी परीक्षा साधी आहे. नुसता सा-प धरून, कुठल्याही ठेक्याशिवाय, घरातल्या माणसाला ऐकवा. शेवटी त्याला धृपद म्हणता आलं आणि गाण्यात काय घडलं ते सांगता आलं तर गाणं झालं. नाही आलं तर साज चढवून ते होणार नाही. एका पावसाळ्यात अशी तीन-चार गाणी उतरली तरी भरपूर आहे.

६. रेकॉर्डिंग: कापसाची खोली

पहिली चार-पाच गाणी नीट पूर्ण होईपर्यंत यंत्रं विकत घेऊ नका. मोबाइल पुरतो. विमान मोड लावा, फोन पुस्तकांच्या थप्पीवर तोंडाच्या उंचीला ठेवा, एक वीतभर अंतर राखा. नंतर दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आणि एक कंडेन्सर माइक घ्या. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो इंटरफेसमध्येच असतो, बटण तेवढं दाबावं लागतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि सर्वात जोरात गाताना काटा उणे ६ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. आवाज लहान वाटला तर तो नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज सहसा नीट होत नाही.

खरा प्रश्न खोलीचा. आपल्या घरांत एकतर टिनाचं छप्पर नाहीतर कवेलू, म्हणजे कौलं. टिन दुपारच्या उन्हात तडतडतं, पावसात तर बोलणंच खुंटतं. कवेलूवर खारी-चिमण्या नाचतात. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. शहरातले लोक भिंतींना फोम लावतात आणि त्याला पैसे मोजतात. आपल्याकडे सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली की, भाव येईपर्यंत, एक खोली कापसाने भरलेली असते. छातीएवढ्या कापसाच्या ढिगापुढे उभं राहून टाळी वाजवून बघा, टाळीचा आवाज तिथल्या तिथे विरतो. एवढी शांत खोली तुम्हाला भाड्यानेही मिळणार नाही.

उभं राहायची पद्धत अशी: पाठ कापसाकडे, माइक तुमच्या पुढ्यात, त्याचं तोंड तुमच्याकडे. माइक समोरून ऐकतो, म्हणजे तुमचा आवाज आणि तुमच्या पाठीमागून परतणारा आवाज. पाठीमागचा कापसाने शोषला. तुमच्या तोंडासमोरच्या भिंतीवर, माइकच्या मागे, एक जाड वाकळ टांगा म्हणजे तिकडूनही आवाज परतणार नाही. पंखा बंद, फ्रीज बंद. पहाटेची वेळ धरा, कोंबडा आणि दुधाची गाडी यांच्या आधीची. उदबत्ती, विडी, तापणारा दिवा, वायरींचे उघडे जोड यांतलं काहीही त्या खोलीत नको. कापसाला ठिणगी पुरते. आणि जुना साठलेला कापूस अंगाला खाज आणतो, तेव्हा हे काम दिवाळीनंतरच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात उरका, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

आधी मेट्रोनोम लावून पेटी आणि नुसतं गुणगुणणं, वाट दाखवण्यापुरतं. मग ठेका. मग खरं गाणं. बाकीची वाद्यं शेवटी. गाण्याच्या आदल्या दोन रात्री सुपारी नको, कोरसमध्ये ओरडून बसलेला गळा लगेच कळतो.

अनेक वाद्यं येणाऱ्याला इथे मोठा मोह होतो. ढोलकी येते म्हणून ढोलकी, तबला येतो म्हणून तबला, मग कीबोर्डवर व्हायोलिनचा ताफा, मध्ये बासरी, वर मँडोलिन. माझा नियम आहे, एका वेळी आवाज धरून तीनच गोष्टी ऐकू याव्यात. गाणं, खंजिरी आणि पेटी असेल तर बासरीला कडव्यांच्या मधली जागा द्या, ओळीवर तिला येऊ देऊ नका. एखादा अंतरा नुसत्या खंजिरीवर सोडून बघा. तुम्हाला पाच वाद्यं येतात हे पाच गाण्यांत मिळून लोकांना कळलं तर पुरे. एखादं वाद्य दुसऱ्याकडून वाजवून घेणंही चांगलं. पार्टीतल्या जोडीदाराला बोलवा, त्याला पैसे द्या, त्याचं नाव द्या.

७. हक्क: इथे घाई नको

गाणं बरं झालं की कुणीतरी येतो: 'रेकॉर्डिंग, व्हिडिओ सगळं फुकट करून देतो, गाणं आमच्या चॅनलवर.' आनंदात सही करण्याआधी पुढचं वाचा.

एका गाण्यात तीन निरनिराळे हक्क असतात. शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल तुमची असेल तर पहिले दोन तुमचे. तिसरा सहसा त्याचा, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते मुद्रण घडवलं. म्हणून फुकटच्या रेकॉर्डिंगची खरी किंमत तिथे आहे. कॉपीराइट १९५७ च्या कायद्याप्रमाणे गाणं रचून लिहिलं किंवा मुद्रित केलं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. शब्द आणि चालीवरचा हक्क रचणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्यानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे तो तुमच्या नातवंडांच्याही कामाचा आहे.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी असावा लागतो, तोंडी नाही. त्या कागदात कोणतं गाणं, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे सगळं हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी' हे शब्द म्हणूनच कागदात घातलेले असतात. ते खोडायला सांगा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. तसं कलम कागदात असेल तर ते टिकत नाही हे समोरच्याला शांतपणे सांगा. १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी गीतकार-संगीतकारांच्या वतीने ही रॉयल्टी गोळा करते. दोन-चार गाणी बाहेर आली की सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा.

पार्टीत बसून दोघा-तिघांनी मिळून चाल बसवली असेल तर त्याच रात्री एका कागदावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटे किती, आणि सगळ्यांच्या सह्या. गाणं गाजल्यावर हे बोलणं फार कठीण होतं. मित्रांमध्ये तर जास्तच.

लग्नात दुसऱ्यांची गाणी वाजवण्याची काळजी करू नका. वरातीतलं आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभातलं वादन हे कायद्याने उल्लंघन धरलेलं नाही.

८. लोकांपर्यंत

पहिला एकट्याचा कार्यक्रम कोजागिरीला करा. दूध आटेपर्यंत माणसं बसलेलीच असतात, तिकीट नाही, मंडप नाही, पाऊण तास पुरतो. पाच-सहा गाणी, त्यातली दोन सगळ्यांच्या ओळखीची पारंपरिक, म्हणजे सोबत म्हणता येतात. पहिलं आणि शेवटचं मात्र आपलं. शाळेचं स्नेहसंमेलन, गावचं वाचनालय, गणेश मंडळ हेही चालेल.

आकाशवाणी विसरू नका. नागपूर केंद्र १९४८ पासूनचं, शिवाय अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर. सुगम संगीत, लोकसंगीत आणि वाद्यांसाठी वेगवेगळ्या आवाज चाचण्या असतात. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी मिळतात. श्रेणी मिळाली की निमंत्रणं येतात आणि इतर ठिकाणीही शब्दाला वजन येतं. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र लोककलावंतांना महोत्सवांत बोलावतं, तिथे तुमची माहिती आणि दोन चांगले व्हिडिओ पोहोचते करा.

यूट्यूबवर गाणी स्वतःच्या चॅनलवर टाका. जाहिरातीच्या पैशाचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं. स्पॉटिफायवर १२ महिन्यांत निदान १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय त्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. हे आकडे डोळ्यांसमोर असू द्या, घरखर्च त्यावर धरू नका. घरखर्च पार्टीवर.

९. कान, गळा, रस्ता

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत कान सोसतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. धुमाल बँड किंवा डीजेच्या भिंतीशेजारी आपण तासन्तास उभे असतो. औषधाच्या दुकानात कानात घालायचे बोळे मिळतात, ते वापरा. कान गेले तर दोन्ही कामं गेली.

रात्री तीनला दुचाकीवरून परतू नका. चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगलरस्ते असोत की वर्धेकडचे शेतरस्ते, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) कधी आडवे येतील सांगता येत नाही. मंदिराच्या ओट्यावर नाहीतर मंडपातच पाठ टेकवा आणि उजाडल्यावर निघा.

कातडी वाद्यं मेच्या उन्हात चढतात, पावसाळ्यात उतरतात. बंद गाडीत ढोलकी ठेवू नका, आणि कार्यक्रमाच्या जागी अर्धा तास आधी ती सावलीत काढून ठेवा, मगच सुरात लावा. जनरेटरवर कीबोर्ड लावताना मध्ये स्टॅबिलायझर हवाच.

१०. तारखा कमी कधी करायच्या

स्वतःच्या कार्यक्रमांची विचारणा वर्षातून चार-पाचदा येऊ लागली, गाण्याच्या वहीत खर्चाएवढी जमा दिसू लागली, की पार्टीच्या तारखा थोड्या सोडा. सुरुवात सर्वात गोंगाटाच्या आणि गळा-कान खाणाऱ्या कामांपासून करा. भजन आणि नाटक शेवटपर्यंत ठेवा, कारण तिथून गाण्याला मिळत राहतं. घरच्यांना आकडे दाखवून सांगा, दोन्ही वह्या समोर ठेवून. आणि म्होरक्याला हे दसऱ्याच्या आधीच कळवा. त्याचा हंगाम भाऊबीजेला सुरू होतो, तुमच्या जागी माणूस शोधून त्याला गाणी बसवून द्यायला महिनाभर तरी लागतो, आणि त्या महिन्यात त्या नव्या मुलाला सोबत घेऊन बसणं हे तुमचंच काम आहे.